घरच्या वायफायवर गाणं अडखळतं तेव्हा

फाइल संगणकावर व्यवस्थित वाजते आणि माजघरातल्या स्पीकरवर अडखळते, तेव्हा दोष फाइलचा नाही. इथेच बरेच जण चुकतात. चांगल्या फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेल्या) फाइलींचं एमपीथ्री करून टाकतात आणि अडखळणं तसंच राहतं. सीडीच्या दर्जाच्या स्टिरिओ आवाजाला कच्च्या रूपात सेकंदाला सुमारे 1411 किलोबिट लागतात, फ्लॅकमध्ये त्याहून कमी. 24 बिट 96 किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग कच्चं असलं तरी 4608 किलोबिटच मागतं. एवढं साधं वायफायही देतं. अडचण वेगाची नाही, खंडाची: मधेच दोन-तीन सेकंद काहीच येत नाही, तेवढ्यात प्लेयरच्या बफरमधला साठा संपतो आणि गाणं तुटतं.

आपल्याकडच्या जुन्या घरांत याचं कारण बहुधा चिऱ्याची भिंत असते. भिंत जाड, दगड सच्छिद्र; पावसाळ्यात चिरा पाणी पितो आणि ओली भिंत वायफायच्या लहरी आणखी शोषते. मे महिन्यात ठीक चाललेलं जुलैत बिघडतं ते यामुळे. वायफायचा 5 गिगाहर्ट्झ पट्टा अशा भिंतींपलीकडे लवकर दम सोडतो. 2.4 जास्त पोहोचतो, पण त्याला 1, 6 किंवा 11 यांपैकी जो चॅनल मोकळा असेल तोच द्या. खात्री करायची तर गाणं चालू असताना संगणकावरून स्पीकरच्या आयपी पत्त्यावर पाच मिनिटं सलग पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते दाखवणारी आज्ञा) चालवा. आकडे मधूनच 500 मिलिसेकंदांवर उडत असतील किंवा उत्तरच येत नसेल, तर फाइलींना हात लावू नका.

खरा उपाय तार. कॅट-6 केबल घ्या, पण तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, शुद्ध तांब्याची. ती राजांगणातून उघड्यावर नेऊ नका, छपराखालून भिंतीच्या कडेने न्या. विजांच्या दिवसांत उघड्यावरची लांब केबल राउटर आणि टीव्ही दोन्हींचे पोर्ट जाळू शकते. गडगडाट सुरू झाला की दोन्ही टोकं काढून ठेवलेली बरी.

केबलच्या टोकाला बसवलेला दुसरा राउटर मात्र नवी कटकट उभी करतो. तो स्वतःचं वेगळं नेटवर्क बनवतो: पुढच्या खोलीत पत्ते 192.168.1 ने सुरू होतात, मागे 192.168.0 ने. इंटरनेट दोन्हीकडे चालतं, म्हणून संशय येत नाही, पण मागच्या फोनला पुढचा सर्व्हर, म्हणजे गाणी पुरवणारा संगणक, दिसत नाही. दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता पहिल्याचंच पुढे नेतो. तो पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याला 192.168.1.2 सारखा कुणाला न दिलेला पत्ता द्या आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात न घालता लॅन (घरच्या नेटवर्कच्या) पोर्टात घाला.

सर्व्हर दिसण्याचं गणितच वेगळं. डीएलएनए ही घरातल्या उपकरणांनी एकमेकांकडची गाणी वाजवण्याची पद्धत. तिचा सर्व्हर 239.255.255.250 या पत्त्यावर, 1900 पोर्टवर सगळ्यांना एकदम हाक मारतो. वायफायवर साधं पॅकेट पोहोचलं नाही तर पुन्हा पाठवलं जातं, ही हाक सहसा पुन्हा दिली जात नाही. म्हणून कमजोर सिग्नलमध्ये आधी सर्व्हर गायब होतो. गेस्ट नेटवर्क किंवा एपी आयसोलेशन (वायफायवरची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सोय) चालू असेल तरी तसंच. विंडोजमध्ये नेटवर्क 'पब्लिक' ठेवलेलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा.

एक लक्षण नीट ओळखून ठेवा: राउटर चालू केल्यावर सर्व्हर दिसतो आणि चार-पाच मिनिटांत नाहीसा होतो. हे आयजीएमपी स्नूपिंगचं, म्हणजे अशी हाक फक्त ऐकणाऱ्यांकडेच पाठवण्याच्या राउटरमधल्या सोयीचं काम. कोण ऐकतंय याची नोंद राउटर सुमारे 260 सेकंद ठेवतो. मधे कुणी पुन्हा विचारणा केली नाही तर नोंद पुसतो आणि हाक पुढे पाठवणं थांबवतो. त्याच जोडणीवर टीव्हीची सेवा नसेल तर स्नूपिंग खुशाल बंद करा.

वीज गेली-आली की सर्व्हरचा पत्ता बदलू शकतो आणि मग प्लेयरमध्ये जपलेली जोडणी तुटते. राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक पत्त्याला (उपकरणाच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाला) एकच आयपी राखून ठेवा. जुना प्लेयर फक्त एसएमबी 1 (नेटवर्कवर फोल्डर उघडण्याची जुनी पद्धत) समजत असेल तर त्याच्यासाठी ते विंडोजमध्ये पुन्हा चालू करू नका. 2017 पासून नव्या विंडोज 10 मध्ये ते मुळातच बसवलेलं नसतं, आणि ते सुरक्षेसाठी. डीएलएनए वापरा.

आता खुद्द फाइलींमधले दोष. देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर आयडी3 ची (एमपीथ्रीत गाण्याचं नाव, गायक वगैरे लिहिण्याच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती काढून टाका. तिच्यात युनिकोड नाही आणि नावाला 30 अक्षरांची जागा असते. त्याऐवजी 2.3 आवृत्ती यूटीएफ-16 मध्ये (युनिकोडच्या एका रूपात) लिहा. कॅसेटवरून उतरवलेली भजनं-कीर्तनं अनेकदा 22.05 किलोहर्ट्झची असतात आणि काही जुने प्लेयर ती नाकारतात, ती 44.1 वर बदलून घ्या. अभिषेकीबुवांच्या मैफलीसारखं सलग गायन दोन ट्रॅकांत तोडलेलं असेल आणि मधे खटका येत असेल, तर तुमच्या प्लेयरला पुढची फाइल आधीच मागवून ठेवता येत नाही. अशा वेळी दोन्ही तुकडे जोडून एकच फ्लॅक करा.