मधेच कोणीतरी हाक मारतं

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. इंदूरहून पुण्याला निघालो होतो, फ्लाइट आधीच चाळीस मिनिटं लेट, बोर्डिंग चालू होतं आणि मी खिडकीतून बघतेय तर एक पायलट मुलगी चमकणारं जॅकेट घालून, हातात टॉर्च घेऊन भर पावसात विमानाभोवती फिरतेय. चाकापाशी वाकली, इंजिनात टॉर्च मारला, पुढे गेली, मग काय वाटलं कोण जाणे परत मागे आली आणि तेच चाक पुन्हा बघितलं. शेजारचे काका लगेच, "अरे भिया, अब क्या ढूंढ रई है, चलो ना!" खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मीही तेच म्हणत होते.

मग गणपतीत भाचा घरी आला. भाचा म्हणजे मावसबहिणीचा मुलगा, एका एअरलाइनमध्ये फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, कुठल्या ते विचारू नका. पोह्यांवर शेव आणि जीरावन टाकता टाकता मी त्याला हा किस्सा सांगितला तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "मावशी, त्या अख्ख्या अर्ध्या तासात तेवढीच दहा मिनिटं तिला शांत मिळाली असतील. पावसात कोण येतंय बोलायला? खरी जत्रा आत असते."

अर्धा तास म्हणजे एक फ्लाइट उतरल्यापासून तेच विमान दुसऱ्या गावाला निघेपर्यंतचा वेळ. तेवढ्यात जुने लोक उतरणार, साफसफाई होणार, नवे चढणार, आणि या दोघा पायलटनी हवामान बघायचं, पेट्रोल किती घ्यायचं ते ठरवायचं (पेट्रोल म्हटल्यावर त्यानं कपाळाला हात लावला, बरं बाबा, फ्युएल), कॉम्प्युटरमध्ये रूट भरायचा, वजनाचे आकडे आले की त्यावरून टेकऑफचा स्पीड काढायचा. हे सगळं करताना दारात कोणी ना कोणी उभंच. इंजिनिअर सही घ्यायला आला, एअर होस्टेस सांगतेय की व्हीलचेअरवाली पॅसेंजर अजून आली नाही, ग्राउंड स्टाफ विचारतोय दार लावू का, तेवढ्यात रेडिओवर एटीसी, म्हणजे कंट्रोल टॉवरवाले. यातला कोणीच फालतू काम घेऊन आलेला नसतो आणि प्रत्येकाचं काम फक्त एकाच मिनिटाचं असतं, हीच तर गंमत आहे.

मला वाटायचं चेकलिस्ट आहे ना हातात, मग विसरतील कसे? तर तसं नसतं म्हणे. आधी पॅनलवर ठरलेल्या क्रमानं हात फिरतो, पाठ असतं सगळं, आणि चेकलिस्ट त्यानंतर, झालंय की नाही ते ताडून बघायला. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं बघून उत्तर द्यायचं. आता मधेच कोणीतरी हाक मारली आणि एक गोष्ट "हे नंतर करतो" म्हणून राहिली, तर ती नंतर आठवण करून द्यायला काहीच नसतं. केलेल्या कामाची खूण राहते, न केलेल्याची काय राहणार? आणि रोज तेच स्विच तसेच बघायची सवय, त्यामुळे डोळ्याला ते बरोबरच दिसतं.

हे ऐकलं आणि मला एकदम अथर्वशीर्ष आठवलं. एकवीस आवर्तनं करायला बसले की सातव्या-आठव्यानंतर तोंड आपोआप चालतं, डोकं भाजीला काय करायचं याच्यात, आणि मधेच कुरिअरवाल्यानं बेल वाजवली की परत येऊन बसल्यावर कळतच नाही, "त्वं मूलाधारस्थितोऽसि" म्हणून झालं की व्हायचंय. आपण आपलं अंदाजानं पुढचं पकडतो. आजी असताना असं चालायचं नाही, तिला स्वयंपाकघरातून ऐकू जायचं. तिथूनच ओरडायची, "पहिल्यापासून म्हण!"

भाचा म्हणाला, एक्झॅक्टली मावशी, आमच्यातही तेच शिकवतात, मधे तुटली ना तर ती चेकलिस्ट पहिल्यापासून. आणि मग त्यानं माद्रिदचं सांगितलं.

२० ऑगस्ट २००८. स्पॅनएअरचं एमडी-८२ विमान रनवेपर्यंत गेलं होतं, पण बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सर उगाच तापतोय म्हणून परत आणलं. इंजिनिअर आले, बघितलं, बराच वेळ गेला. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून सुरू. टेकऑफच्या आधी पंखांचे फ्लॅप बाहेर काढावे लागतात, नाहीतर तेवढ्या स्पीडला विमान नीट उचललंच जात नाही. इंजिन चालू झाल्यावरच्या चेकलिस्टमध्ये फ्लॅप अगदी शेवटी होते आणि नेमकं तिथेच कॅप्टननी को-पायलटला सांगितलं की टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून रनवेकडे न्यायची, परवानगी माग. झालं, ती ओळ राहून गेली. पुढे शेवटच्या तपासणीत को-पायलटनं फ्लॅपचा आकडा म्हटला, अकरा. तोंडानं म्हटला. पॅनलवर अकरा नव्हतंच. वॉर्निंगचा भोंगा वाजायला हवा होता, तोही वाजला नाही. १७२ जणांतले १५४ गेले.

मी पोह्यांची डिश तशीच धरून बसले होते. तोंडानं म्हटला, हे काही डोक्यातून जाईना.

त्याच्या एकवीस वर्षं आधी, १९८७ च्या ऑगस्टमध्येच, डेट्रॉइटला नॉर्थवेस्टच्या विमानाचंही हेच झालेलं. तेही एमडी-८२. आधीच उशीर, आयत्या वेळी रनवे बदलला, त्या गडबडीत टॅक्सीवेचं वळण चुकलं, आणि टॅक्सीची चेकलिस्ट म्हणायचीच राहिली. भोंगा तिथेही गप्प. विमानातली फक्त एक चार वर्षांची मुलगी वाचली.

आपल्याकडचं तर तुम्हालाही आठवत असेल, सप्टेंबर २०१८, मुंबई-जयपूर फ्लाइट, लोकांच्या नाका-कानातून रक्त आलं होतं. इंजिनाकडची हवा केबिनला देणारे स्विच चालू करायचे राहिले होते, मास्क खाली पडले, विमान परत मुंबईला आणलं. तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पायलटना काय काय बोलले होते लोक, आणि त्यात मीही होते बरं का, "एवढा पगार घेतात आणि एक बटण दाबता येत नाही" हे वाक्य माझंच. आज नाही लिहिणार. चूक ती चूकच, पण "बेफिकीर" म्हटलं की आपलं विचार करणं तिथेच संपतं.

अमेरिकेत १९८१ पासून नियम आहे की टॅक्सी, टेकऑफ, लँडिंग आणि साधारण दहा हजार फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय बोलायचं नाही, स्टराइल कॉकपिट म्हणतात त्याला, आपल्याकडेही पाळतात. पण मला कळलं ते असं की विमान गेटला उभं असतानाची जत्रा काही त्यात येत नाही, आणि तिथे तर सगळे कामाचंच बोलत असतात. मग काय बंद करणार?

शेवटी मी त्याला विचारलंच, तुझं कधी झालंय का असं? जरा वेळ जलेबी मोडत बसला. मग म्हणाला, नवीन होतो तेव्हा. चेकलिस्ट अर्धी झालेली, एक जण वजनाचा कागद घेऊन आला, तो गेल्यावर मी पुढची ओळ वाचली. कॅप्टन म्हणाले, परत पहिल्यापासून. सर, दार लागलंय, आपल्याला निघायचंय, असं मी म्हटलं, तर ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते, नुसतं परत म्हणाले, पहिल्यापासून. वाचली. राहिलं काहीच नव्हतं, सगळं बरोबर होतं! पण चार मिनिटं उशीर झाला, आणि उशीर झाला की तो कोणामुळे याचा कोड टाकावा लागतो, ग्राउंड स्टाफमुळे, फ्युएलमुळे, क्रूमुळे, त्यावरून नंतर फोन येतात. कागदवाल्यावर ढकलता आला असता. कॅप्टननी क्रू लिहायला सांगितलं.

आजीला हा माणूस फार आवडला असता. जेवायला बोलावलं असतं तिनं.