अहवाल कोरा आला म्हणून

निपाणी भागात घरोघरी विड्या वळल्या जातात. तिथल्याच एक मावशी आमच्या एचआयव्ही समुपदेशन कक्षात आल्या, तेव्हा त्यांना भाकरीचा घास गिळता येत नव्हता. जिभेवर आणि टाळ्यावर पांढरी बुरशी पसरली होती. रक्त तपासले, तर सीडी४, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी, घनमिलिमीटरला १४० भरल्या. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. काही वर्षे एचआयव्हीचे औषध नियमित घेतलेल्या बाईची ही अवस्था पाहून मी हादरले.

कारण त्यांनीच सांगितले. "मॅडम, रिपोर्टात विषाणू न्हाई म्हणून आलं, मग गोळी कशाला खायाची?" गोळी बंद करून काही महिने झाले होते.

प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून मी सविस्तर बोलले. एचआयव्ही सीडी४ पेशीला चिकटून आत शिरतो, आपल्या आरएनएवरून, म्हणजे स्वतःच्या जनुकीय आराखड्यावरून, डीएनए तयार करतो आणि तो पेशीच्या मूळ डीएनएत जोडून टाकतो. मग ती पेशीच नवे विषाणू घडवू लागते आणि शेवटी मरते. जंतूंशी लढणाऱ्या इतर पेशींना हुकूम देणारी ही पेशी घटली, की एरवी निरुपद्रवी असलेली बुरशीही डोके वर काढते. रोजच्या गोळीतले डोल्युटेग्राविर ही जोडणी रोखते, त्यामुळे नव्या पेशी वाचतात. मात्र आधीच जोडला गेलेला डीएनए काही पेशींत निपचित राहतो, आणि रक्तातले विषाणू मोजणाऱ्या तपासणीत तो दिसत नाही. हराळी वरून कापली तरी मुळी जमिनीत राहते, हे त्यांना लगेच पटले. "म्हंजे गोळी थांबली की परत उगवतंय," त्या म्हणाल्या.

मला वाटते, 'आढळला नाही' असा अहवाल हातात देतानाच एवढे सांगायला हवे. तो अहवाल मोलाचा आहेच, कारण विषाणूभार, म्हणजे रक्तातले विषाणूंचे प्रमाण, असा दबलेला राहिला तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. पण ती गोळीची कमाई असते.

डॉक्टरांनी क्षयरोगाची तपासणी केली, बुरशीचे औषध दिले आणि एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची गोळी, पुन्हा सुरू केली. पुढच्या तपासणीत विषाणू पुन्हा आढळला नाही. सीडी४ मात्र सावकाश चढत आहेत, आणि त्या पुरेशा वर येईपर्यंत संधिसाधू, म्हणजे प्रतिकारशक्ती घटल्यावर डोके वर काढणारे, आजार टाळण्यासाठी मावशींना कोट्रायमोक्साझोलची गोळीही घ्यावी लागत आहे.