पाडलेलं मिसाईल पडतं कुठे?

माझा धाकटा भाऊ अबुधाबीला मुसाफ्फामध्ये असतो, हेवी ड्रायव्हर आहे. आधी तो इथेच गोव्यात डिचोलीत होता, स्वतःचा टिपर होता, खाणीवर फेऱ्या मारायचा. २०१२ ला खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा कसंबसं निभावलं, पण सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि मार्च २०१८ मध्ये परत सगळं थांबलं तेव्हा मात्र बँकेचे हप्ते अंगावर आले, टिपर मिळेल त्या किमतीला विकला आणि गल्फ धरलं. आमच्या भागात अशी घरं कितीतरी आहेत, वाड्यावर फिरलात तर एक घर दुबईवर चाललंय, एक कुवेतवर आणि एक तारवटीच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या, पगारावर.

हे सगळं सांगायचं कारण १७ जानेवारी २०२२. सोमवार होता, पौषी पुनव. संक्रांत होऊन तीनच दिवस झालेले, भावजयीने हळदीकुंकवाचं वाण आणून ठेवलेलं, स्टीलच्या वाट्या होत्या, त्या ती एकेक पुसून टेबलावर रचत होती. दुपारी जेवणाच्या सुमाराला शेजारणीचा फोन आला, अगो टीव्ही लाव, अबुधाबीत स्फोट झालाय. लावला तर खाली पट्टीत मुसाफ्फा लिहिलेलं. आम्हाला अबुधाबीतली एकच जागा नावाने माहीत आणि नेमकी तीच.

तिथे व्हॉट्सॲपवर मेसेज जातात पण कॉल लागत नाही, सगळे बोटीम नावाचं ॲप वापरतात. भावजय बोटीमवर, मी साध्या फोनवर, दोघी एकदम लावतोय आणि कुणाचाच लागत नाही. तीन तास असे गेले. वाट्या तशाच अर्ध्या पुसलेल्या. आई देवासमोर बसली आणि मोठ्याने गाऱ्हाणं घालायला लागली, शांतादुर्गेपासून गावच्या राखणदारापर्यंत कुणाचंच नाव तिने सोडलं नाही.

शेवटी त्याचाच फोन आला. आवाज ऐकला होता त्याने. "ताई, आम्हाला वाटलं कुठल्यातरी वर्कशॉपात सिलिंडर फुटला." तो लोखंडाच्या यार्डात ट्रेलर चालवतो, स्फोट झाला ती जागा गाडीने दहा मिनिटांवर. आईने फोन ओढून घेतला आणि तिने विचारलं काय, तर "जेवलो काय ना?" दुसरं काही तिच्या तोंडातून निघालंच नाही.

त्या दिवशी तेलाच्या साठवणुकीच्या जागेजवळ तीन पेट्रोलियम टँकर उडाले. तीन माणसं गेली, दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी, सहा जखमी. नवीन एअरपोर्टचं काम चाललं होतं तिथेही आग लागली. येमेनच्या हुथी बंडखोरांनी सांगितलं आम्ही केलं, ड्रोन आणि मिसाईल सोडली. ते दोघे भारतीय पंजाबचे होते. पंजाब आपल्यापासून लांब, पण त्या दिवशी टीव्हीसमोर बसून मला त्यांच्या घरातला फोन दिसत होता, आमच्यासारखाच, ज्यावर कुणीतरी परत परत नंबर लावत असेल.

खरी भीती मात्र आठवडाभराने कळली. २४ तारखेला पहाटे, अजून अंधारच होता, दोन बॅलिस्टिक मिसाईल अबुधाबीच्या दिशेने आली आणि ती हवेतच पाडली. भाऊ सांगतो, आधी एक रेघ वर चढत गेली, मग आभाळात लख्ख उजेड आणि मग दणका, खोलीचं दार हललं. कामगारांच्या कॅम्पातली सगळी माणसं अनवाणी बाहेर धावली. बाहेर येऊन उभी राहिली आणि मग कुणालाच कळेना की आत जायचं की बाहेरच थांबायचं, कारण आत म्हणजे पोर्टाकॅबिन, वर पत्रा, आणि बाहेर म्हणजे उघडं आभाळ. जानेवारीची तिकडची थंडी, कुणी बनियनवर, कुणी लुंगीवर, एकजण उशी हातात घेऊनच आलेला. तो म्हणतो आम्ही पंधरा-वीस मिनिटं नुसते वर बघत उभे होतो. फोटो बिटो काही नाही, तिथे असल्या गोष्टीचे व्हिडिओ काढून टाकणाऱ्यांना सरकारी वकिलाच्या ऑफिसने बोलावून घेतलं होतं, त्यामुळे जे आहे ते त्याच्या तोंडचंच.

बातमीत आलं, मिसाईल हवेत नष्ट, जीवितहानी नाही. मी आईला तसं वाचून दाखवलं. आई जुनी चौथी शिकलेली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाडलें म्हणटात, मागीर तें पडलें खंय?"

मी त्यानंतर बरंच वाचत बसले आणि आईचा प्रश्न बरोबर होता. मिसाईल पाडतात म्हणजे ते नाहीसं होत नाही. मिसाईल पाडणारी यंत्रणा, पेट्रियट म्हणा, थाड म्हणा (हे थाड प्रत्यक्ष लढाईत पहिल्यांदा वापरलं गेलं ते त्याच १७ जानेवारीला अबुधाबीत), ते समोरून जाऊन त्याला धडकतं किंवा जवळ फुटतं, पण ते अवजड धूड, उरलेलं इंधन, मोडलेला पत्रा, कधी कधी न फुटलेला स्फोटकाचा भागसुद्धा, हे सगळं खाली येतं. आणि खाली माणसं राहतात. २५ मार्च २०१८ ला हुथींनी सौदीवर सात मिसाईल सोडली, सौदीने सांगितलं सातही पाडली, तरी रियाधमध्ये तुकडे घरावर पडून एक माणूस मेला. इजिप्तचा होता, कामाला आलेला. २०१९ च्या जूनमध्ये सौदीच्या आब्हा एअरपोर्टवर हल्ला झाला, त्यात मेला तो सीरियाचा. अबुधाबीत दोन भारतीय, एक पाकिस्तानी. यातल्या कुणाचंही येमेनशी भांडण नव्हतं, युद्ध कुणी पुकारलं तेव्हा यांना कुणी विचारलं नव्हतं. जो हप्ते फेडायला आलाय, जो तेलाच्या टाकीशेजारी कामाला आहे कारण काम तिथेच असतं आणि कॅम्प कामाजवळ असतो, त्याच्यावर हे पडतं. सिस्टीम चांगल्या आहेत, त्यांनी माझा भाऊ वाचवला असेल, मी ते नाकारत नाही. पण "जीवितहानी नाही" वाचून मी आता लगेच निश्वास टाकत नाही.

आणि येमेन. मला कबूल करायला हवं की तोपर्यंत येमेन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर काहीच यायचं नाही, आणि मी शाळेत शिकवते. ॲटलास काढला आणि बघतच राहिले. साना, येमेनची राजधानी, आणि आपलं गोवा जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, साडेपंधराच्या आसपास. म्हणजे मोरजीच्या किनाऱ्यावर उभं राहून सरळ पश्चिमेला बोट दाखवलं तर मध्ये फक्त पाणी आणि पलीकडे येमेन. एडन तर १८३९ पासून जवळजवळ शंभर वर्षं मुंबई इलाख्याच्या कारभाराखाली होतं, आपल्याकडची माणसं तिथे कारकुनी करायला जायची. इतकं ते शेजारचं. आणि आम्हाला ते माहीत झालं कधी, तर तिथलं मिसाईल आमच्या माणसाच्या जवळ पडलं तेव्हा.

तिथलं भांडण असं की २०११ मध्ये लोक रस्त्यावर आले, जुने अध्यक्ष सालेह यांना जावं लागलं, हादी आले, पण घडी बसलीच नाही. उत्तरेच्या सादा भागातले हुथी सप्टेंबर २०१४ मध्ये सानात घुसले आणि राजधानी घेतली. २६ मार्च २०१५ पासून सौदी आणि त्याच्यासोबतच्या देशांनी हवाई हल्ले सुरू केले, यूएई, म्हणजे अबुधाबी-दुबईचा देश, त्यात होतं. त्या एप्रिलमध्ये आपल्या नौदलाने आणि एअर इंडियाने ऑपरेशन राहत करून तिथून साडेचार हजारांवर भारतीय आणि ४१ देशांची साडेनऊशेच्या वर माणसं बाहेर काढली, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. जून २०१५ मध्येच हुथींकडून पहिलं स्कड सौदीच्या खमीस मुशैतवर सुटलं, ती येमेनी सैन्याचीच जुनी मिसाईल होती. पुढे पल्ला वाढत गेला, आधी सीमेवरचं नजरान, जिझान, मग हजार किलोमीटरवरचं रियाध, आणि शेवटी दीड हजार किलोमीटरवरचं अबुधाबी. इराणचे भाग त्यात सापडले असं युनोच्या तज्ज्ञांनी लिहिलं, इराण नाही म्हणतो. यूएईने आपलं बरंचसं सैन्य २०१९ मध्ये काढून घेतलं होतं पण त्यांनी उभ्या केलेल्या फौजा तिथेच होत्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच फौजांनी हुथींना शबवा प्रांतातून मागे रेटलं. त्याचं उत्तर मुसाफ्फाला आलं.

मला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागली ती याच्या पुढची. मुसाफ्फानंतर चारच दिवसांनी, २१ जानेवारीला, हवाई हल्ल्यात सादामधल्या एका तुरुंगावर बॉम्ब पडले, ऐंशीहून जास्त माणसं मेली. त्याच रात्री होदेदा बंदरात टेलिफोन-इंटरनेटच्या इमारतीवर बॉम्ब टाकले, जवळ पोरं फुटबॉल खेळत होती, तीन मुलं गेली, आणि अख्ख्या येमेनचं इंटरनेट जवळजवळ चार दिवस बंद पडलं. हे वाचताना मला आमचे ते तीन तास आठवले. तीन तास फोन लागला नाही तर आई देवासमोरून उठत नव्हती. तिथे बाहेरगावी कामाला गेलेल्या मुलांच्या आया चार दिवस काय करत होत्या? त्यांच्याकडेही कुणीतरी टीव्ही लाव म्हणून सांगायला येत असेलच ना, आणि टीव्हीवर तरी त्यांचं गाव कोण दाखवणार होतं. युनोच्या विकास संस्थेने हिशोब केला की २०२१ अखेरपर्यंत या युद्धात ३ लाख ७७ हजार माणसं गेली असतील आणि त्यातली ६० टक्के बॉम्बने नव्हे तर भुकेने, आजाराने, पाणी आणि इस्पितळ नसल्याने. मी हा आकडा आईला सांगितला नाही. भावजयीला सांगितला, ती काही बोलली नाही, पण त्यानंतर टीव्हीवर येमेन आलं की ती चॅनल बदलत नाही.

एप्रिल २०२२ मध्ये युद्धविराम झाला आणि गल्फवरची मिसाईल थांबली, भाऊ मे महिन्यात सुट्टीवर आला, आम्ही देवीची ओटी भरली. वाटलं झालं. पण मग २०२३ च्या शेवटापासून तीच मिसाईल तांबड्या समुद्रात जहाजांवर पडायला लागली, गाझाच्या युद्धाचं कारण देऊन, आणि आता भीती आमच्या घरातून दोन घरं पलीकडे गेली, तिथला मुलगा टँकरवर आहे. २६ जानेवारी २०२४ ला मार्लिन लुआंडा नावाच्या टँकरला एडनच्या आखातात मिसाईल लागलं, जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी, रात्रभर आग. आयएनएस विशाखापट्टणम मदतीला गेली, नौदलाचे लोक जहाजावर चढले, आग विझली, सगळे वाचले. इथे सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन करून आलेलो आम्ही, आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाची आई मला विचारत होती की माझ्या पोराच्या जहाजाचं नाव काय ते तुला वाचता येईल का, तिच्याकडे फक्त एक फोटो होता, त्यात नाव अर्धं दिसत होतं. त्याचं जहाज वेगळं होतं. मार्चमध्ये ट्रू कॉन्फिडन्स नावाच्या जहाजावर मात्र तीन खलाशी गेले, दोन फिलिपिन्सचे, एक व्हिएतनामचा. परत तेच, पोटासाठी गेलेले.

जाऊ नका असं मी कुणाला कधी सांगणार नाही. खाणीचा भरवसा नाही, शेती तुकड्यातुकड्यात, घरात लग्नाची मुलगी, तेव्हा न जाऊन करणार काय? माझ्या घराचं नवीन छप्पर त्या पैशाचं आहे. फक्त मला राग येतो तो याचा, की माणूस पाठवताना पगार किती, राहायला फुकट का, जेवण कोणाचं, एवढंच विचारलं जातं आणि एजंट तेवढंच सांगतो. भावाला ज्याने पाठवलं त्याने कॅम्प कुठे आहे तेसुद्धा नीट सांगितलं नव्हतं. आणि दहावी पास झालेल्याला ईसीएनआर पासपोर्ट, म्हणजे त्याला सरकारी इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, त्यामुळे त्या क्लिअरन्सबरोबर प्रवासी भारतीय विमा योजनेचा जो १० लाखांचा विमा सक्तीचा असतो तोही याच्या वाट्याला येत नाही. हे आम्हाला चार वर्षांनी कळलं.

परवा वाड्यावरचा एक मुलगा आला होता, माझ्या जुन्या वर्गातला, फॉर्म भरून द्या म्हणाला, अबुधाबीचीच नोकरी, वेल्डर. मी फॉर्म भरला. मग त्याला एजंटला फोन लावायला लावला, स्पीकरवर, आणि कॅम्पचा पत्ता विचारला, शेजारी काय आहे ते विचारलं, विमा कोणाचा आहे आणि त्यात युद्ध धरलंय की नाही ते विचारलं. एजंट म्हणाला बघून सांगतो. आई आतून ऐकत होती, ती बाहेर आली आणि त्या मुलाला म्हणाली, "तो सांगता पर्यंत सही करूं नाका रे पुता."

फॉर्म अजून माझ्याकडेच आहे, टेबलावर, ॲटलासच्या खाली.