तुम्ही विचारलंत म्हणून : जुनेच पाटे का?

"नवा सेट बाजारात मिळतो, मग जीपच्या स्प्रिंगचे जुने पाटे (एकावर एक रचलेल्या कमानदार पोलादी पट्ट्या) कशाला दुरुस्त करत बसतोस?" जीपवाले मित्र विचारतात, मेहुणा विचारतो, पेट्रोल पंपावरचा अनोळखी माणूससुद्धा उंच बॉनेटचं कौतुक करून झालं की तिथेच येतो. एकदा सविस्तर लिहून टाकतो.

पाटे बसले म्हणजे मऊ झाले, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. पोलादाचा ताठपणा वयामुळे जात नाही, फक्त कमान उतरते. गाडी खाली येते, खड्ड्यात बंप स्टॉपवर (चासीखालच्या रबरी ठोकळ्यावर) आदळते आणि आपण म्हणतो स्प्रिंग गेली. ताठपणा खरा कमी होतो तो गंजानं जाडी खाल्ली की, आणि तो हिशेब मात्र निर्दय आहे. जाडी 10 टक्के गेली तर त्या पाट्याचा ताठपणा जवळजवळ 27 टक्के जातो. म्हणून मी पाट्यांचा गठ्ठा मधोमध बांधणारा सेंटर बोल्ट काढून एकेक पाटा सुटा करतो, घासतो, व्हर्नियरनं मोजतो. ज्याची जाडी शाबूत आहे, तो भंगारात का घालू?

तयार सेटही घालून बघितलाय. माझ्या वाट्याला आलेला सेट इतका कडक होता की माझी रिकामी जीप, सीजे-3बी, नाक वर करून उभी राहायची. त्या गाडीतून आई गारगोटीला गेली आणि परत येताना एसटीनं आली. यावर आणखी काय सांगू?

भट्टीत लाल करून कमान द्या, असंही सांगतात. स्प्रिंगचं पोलाद 850 ते 900 अंशांना तापवून तेलात बुडवतात, मग 450 ते 500 च्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. हे न करता भात्यावर लाल करून हवेत गार केलेला पाटा हवा तसा वाकतो, आणि एका पावसाळ्यात सपाट होतो. म्हणून थंडच, प्रेसवर, थोडं थोडं सरकवत. प्रत्येक आखूड पाट्याची कमान वरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायची, म्हणजे गठ्ठा आवळल्यावर तो मेन पाट्याचा, म्हणजे सगळ्यात वरच्या लांब पाट्याचा, भार हलका करतो. आखूड पाट्याचं टोक वरच्या पाट्यात खाच पाडतं, ते गोल घासायचं. मध्ये ग्रेफाइट ग्रीस, यू बोल्ट नवे. हे सगळं धरलं तर खर्च नव्या सेटपेक्षा जास्त येतो. हो, येतो.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते सांगतो. पुढचा डावा मेन पाटा.

वडिलांनी चारही मेन पाट्यांवर सेंटर पंचानं ठिपके मारून ठेवले होते, कुठला कुठे बसायचा ते कळावं म्हणून. पुढच्या डाव्याला दोन. तो घासून झाला, जाडी उत्तम. रीत म्हणून रात्रभर रॉकेलमध्ये ठेवला (रॉकेल मिळणं आता मुश्कील, डिझेलही चालतं), सकाळी कोरडा पुसला आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं मागच्या डोळ्याच्या (बोल्ट घालायला गोल वळवलेल्या टोकाच्या) वळणाजवळ, कडेपासून आत, एक ओली रेघ उमटली. पुसलं, पुन्हा खडू लावला. रेघ पुन्हा तिथेच. म्हणजे भेग, तिच्यात मुरलेलं रॉकेल खडूत उतरत होतं.

उद्यमनगरातले मिस्त्री वडिलांना ओळखायचे. त्यांनी ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वेल्डिंग मारून देतो. दिसायचं बी न्हाई. बापाची खूण हाय, ऱ्हाऊ दे की."

मला ते हवं होतं. मनापासून हवं होतं. या गाडीत मूळचं जे आहे ते काढायचं नाही, हे मीच वर्षानुवर्षं सगळ्यांना ऐकवत आलोय. तो आधीचा मी त्या दिवशी शेजारी उभा राहून म्हणत होता, तू घाटात भरधाव जातोस कुठे, मारू दे वेल्डिंग. पण वेल्डिंगच्या शेजारचं स्प्रिंगचं पोलाद ठिसूळ होतं आणि पाटा तिथेच तुटतो. या जीपला पुढच्या स्प्रिंगची शॅकल (पाट्याला मागेपुढे सरकू देणारी झुलती कडी) पुढच्या टोकाला असते. मागचा डोळा चासीला पक्का, आणि अॅक्सलला जागेवर धरतो तोच. तो करूळ घाटाच्या वळणावर सुटला तर स्टिअरिंग हातात असून उपयोग नाही. मी "नको" म्हणालो. मिस्त्री दुखावले. नंतर नव्या पट्टीचा मेन पाटा त्यांनीच करून दिला, डोळा वळवून, तापवून तेलात बुडवून, पण त्या दिवशी चहाही न घेता आत निघून गेले.

नव्या पाट्यावर ठिपके मारायचे का, हे मी ठरवू शकलो नाही. मारले नाहीत. ती खूण वडिलांच्या हातची होती, ती मी उठवली तर नक्कल होईल असं एकदा वाटतं. ठिपके डावं-उजवं कळण्यासाठीच होते, मग मारायला काय हरकत, असंही वाटतं.

मित्र म्हणतात, एक नवा घातलास, मग तत्त्व कुठे राहिलं? मी म्हणतो, तत्त्व जाडीचं आणि भेगेचं आहे. मग तेच विचारतात, जोडीचा उजवा मेन पाटा तेवढ्याच वयाचा, तो का नाही बदलला? मिस्त्रींचंही तेच म्हणणं, बदलायचे तर जोडीनं. उजव्याला भेग नाही, मापात तो बसतो. यंदाचा पाऊस संपला की पुन्हा उतरवून खडू लावणार आहे. तोवर तो गाडीतच राहील.