काळा बर्फ

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी रस्त्यात गाडी थांबवली ती बर्फाचा रंग बघून. दोन दिवस बोचरं वारं सुटलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स गावाच्या उत्तरेला, आमच्या घरापासून वीसेक मिनिटांवर एक खडीचा रस्ता लागतो. दोन्ही बाजूंना मका काढून, नांगरून मोकळी सोडलेली शेतं. रस्त्याकडेच्या चारीत साचलेला बर्फ पांढरा नव्हताच. चहाचा चोथा पसरून ठेवावा तसा वर काळा थर, खाली पांढरा, त्याखाली पुन्हा काळा. इथले लोक याला 'स्नर्ट' म्हणतात, 'स्नो' आणि 'डर्ट' जोडून. शब्द मी सात वर्षं ऐकत होते. चारीत उतरून हात घातला तो त्या दिवशी पहिल्यांदा.

मागच्या सीटवर आदल्या दिवशीच्या जेवणाचा रिकामा स्टीलचा डबा होता. तो भरून घेत होते तेवढ्यात एक पिकअप थांबला. सत्तरी उलटलेले एक शेतकरी उतरले. उणे बारा तापमानात बाई चारीत वाकलेली दिसली म्हणजे गाडी फसली असणार, असं समजून ते ओढायची साखळी हातात घेऊनच आले होते. मी म्हटलं, गाडी ठीक आहे, मी माती नेतेय. ते बराच वेळ चारीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे शेत माझंच आहे." रागावले नाहीत. फोन नंबर दिला आणि सांगितलं, एप्रिलच्या शेवटी ये, पेरणीच्या आधी, हवा तेवढा खड्डा खण. मनातल्या मनात मी त्यांना तेव्हापासून काकाच म्हणते.

घरी पातेल्यात बर्फ वितळू दिला. रात्रीपर्यंत पाणी निवळलं आणि तळाशी अर्धा बोट जाडीचा काळा गाळ बसला. पाणी काढून तो ताटलीत वाळवला आणि बाबांना व्हिडिओ कॉल लावला.

"लई काळी हाय की गं. आपल्या वड्याकडच्या रानासारखी. पावसात पाय रुततो का हिच्यात?"

"नाही बाबा. चिकटतच नाही. वळी करायला गेलं की बोटभर होते आणि तुटते."

"आन् ढेकळं?"

"ढेकळं पण फारशी नाहीत. चुरली की रव्यासारखी सुटते."

"मंग नदीकाठची असंल. पोयटा."

"नदी नाही तिथं. माळावरची आहे."

बाबा गप्प झाले. परभणीकडच्या माणसाला हे वाक्य पटणं अवघड आहे, आणि मलाही इथे आल्यावर वर्षभर पटलं नव्हतं. आपल्याकडे माळ म्हणजे वीतभर माती आणि खाली मुरूम. कुसळी गवत, शेरडं, फार तर पावसाळी मूग. भारी रान नेहमी खाली, ओढ्याच्या अंगाला. वाटणीत कुणाला नुसता माळ आला तर दोन पिढ्या भावकीत बोलणं बंद होतं. आणि इथे टेकाडाच्या उतारावर, जिथे कधी नदीचा गाळ आला नाही, तिथे दीड फूट काळी माती. टेकाडं तरी काय, सपाट रानावर उठलेल्या लाटा. खणलं की वर काळी, हाताखाली तपकिरी होत जाणारी, आणि कमरेइतक्या खोलीवर चुनखडीचा पिवळट थर, ज्यावर आम्ल टाकलं की फसफसतं.

याचं कारण हिमनदी आणि गवत. साधारण १४,००० वर्षांपूर्वी बर्फाची एक जीभ उत्तरेकडून सरकत आज जिथे डी मॉइन शहर आहे तिथपर्यंत आली. विरघळताना तिने दगड, वाळू, पोयटा, चिकणमाती असं सगळं कालवून जागेवर टाकलं. म्हणून या मातीत कशाचाच अतिरेक नाही. चिकणमाती साधारण पाचवा हिस्सा, बाकी वाळू आणि पोयटा. आमच्या रानात चिकणमाती निम्म्याहून जास्त, म्हणूनच ती पावसात ट्रॅक्टर गिळते आणि एप्रिलात अशी फाटते की भेगेत हात कोपरापर्यंत जातो. इथले शेतकरी मातीला नावाने ओळखतात. टेकाडावरची क्लॅरियन, उताराच्या पायथ्याची निकोलेट, सखल भागातली वेबस्टर. सखल भाग मुळात चिबडच, पाणी धरून बसणारा. जमिनीखाली तीन-चार फुटांवर नळ्या घालून, आधी भाजलेल्या मातीच्या आणि आता प्लॅस्टिकच्या, त्यांनी सगळा प्रदेश निचरून काढला. क्लॅरियनला मात्र ही फारशी गरज नाही. पाणी मुरतं, पण पळून जात नाही. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, लवकर येतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मंग शेतकऱ्याला करायचं काय ऱ्हायलं?"

हिमनदीने टाकलेला कच्चा माल मात्र काळा नव्हता. तो रंग गवताचा आहे. दहा हजार वर्षांत जंगलं आली, गेली, आणि शेवटी पुरुषभर उंचीचं गवत स्थिरावलं. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, सोबत शेकडो फुलझाडं. जेवढं जमिनीवर, त्याहून जास्त जमिनीखाली. सहा-आठ फूट खोल मुळं. दरवर्षी त्यातली बरीचशी मरायची, तिथेच कुजायची, आणि पुरतं कुजायच्या आत हिवाळा येऊन जमीन दगडासारखी गोठायची. म्हणजे खर्च कमी, जमा जास्त, हजारो वर्षं. आपली काळी वेगळी. ती बेसॉल्टची झीज आणि त्या चिकणमातीला घट्ट धरून बसलेला थोडासा सेंद्रिय अंश. रंग सारखा, पण एकीचा काळेपणा मुळांतून आलेला, दुसरीचा खडकातून.

इथे मला आपल्या बाजूने बोलायचं आहे. बाबांच्या माती तपासणीच्या कागदावर सेंद्रिय कर्ब ०.४२ टक्के आहे. काकांच्या टेकाडावर तो २ च्या आसपास. इथे शिकायला आले तेव्हा वर्गात हे दोन आकडे शेजारी ठेवून कुणीतरी सहज म्हणालं होतं की भारतातला शेतकरी जमिनीची काळजी घेत नाही. मी तेव्हा गप्प बसले, इंग्रजी जमत नव्हतं म्हणून. आज बसले नसते. आमच्याकडे मे महिन्यात ४२-४३ अंश. शेणखत टाका, पालापाचोळा टाका, तो उन्हात जळून जातो. वर्षातले तीन-चार महिने जमीन गोठून सगळं जपून ठेवणारा हिवाळा आम्हाला कुणी दिला नाही. माझ्या आजोबांनी साठ वर्षं उकिरडा वाया जाऊ दिला नाही. ०.४२ हा त्यांच्या आळसाचा आकडा नाही.

आणि ज्यांना हा ठेवा आयता मिळाला त्यांनी काय केलं, तेही सांगते. या जमिनीची मुळं इतकी घट्ट विणलेली होती की लाकडी आणि बिडाचे नांगर चालायचेच नाहीत, ओली काळी माती फाळाला लपेटून बसायची. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डियर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर बनवला, त्याला माती चिकटेना, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत आयोवाचं जवळपास सगळं गवत उलथलं गेलं. आज मूळच्या गवताळ प्रदेशातला हजारावा हिस्साही शिल्लक नाही. जो आहे तो जुन्या स्मशानांच्या कुंपणात, रेल्वेच्या कडेला, आणि स्टोरी सिटीजवळच्या डूलिटल प्रेअरीसारख्या एखाद्या राखून ठेवलेल्या तुकड्यात. अशा तुकड्यांच्या कडेला उभं राहिलं की डोळ्यांना दिसतं: गवताची जमीन वर, शेताची जमीन खाली. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा कडा मोजल्या. सरासरी वर्षाला जवळपास २ मिलिमीटर माती गेलेली. त्यांच्याच २०२१ च्या अभ्यासानुसार मक्याच्या या पट्ट्यातल्या साधारण एक तृतीयांश शेतजमिनीवरून वरचा काळा थर पूर्ण गेला आहे, आणि तो गेलाय टेकाडांवरून. म्हणजे याच माळावरच्या मातीचा.

मला संताप येतो तो बांध नसल्याचा. एकेक शेत ऐंशी, शंभर, दीडशे एकरांचं आणि मध्ये एक बांध नाही. ऑक्टोबरात पीक निघालं की मे महिन्यात नवं उगवेपर्यंत सात महिने जमीन उघडी. वारा, वितळणारा बर्फ, एप्रिलचा पाऊस, सगळं त्या उघड्या अंगावर. कुणी उताराला आडवी पेरणी करतं, कुणी गवताचे पाट ठेवतं, बिननांगरटीचे शेतकरीही आहेत, नाही असं नाही. पण निम्म्याहून जास्त जमीन भाडेपट्ट्यावर कसली जाते, आणि बटईच्या रानात कुणी पदरचा पैसा घालून बांध घालत नाही, हे परभणीतही खरं आणि इथेही. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी रोजगार हमीच्या कामावर बांधबंदिस्तीची माती डोक्यावरून वाहत होती. पोटात अन्न नव्हतं आणि ती दुसऱ्याच्या रानाची माती अडवत होती. त्या बांधांवर आजही लिंबं उभी आहेत. इथे अवजारं आहेत, पैसा आहे, विद्यापीठ दहा मैलांवर आहे, आणि माती चारीत.

हे लिहिताना गोदावरीचं जुलैतलं तांबडं-काळं पाणी आठवतं. आपली मातीही वाहते, आणि आमच्या शेजारच्या रानातले दोन बांध गेल्या पाच वर्षांत ट्रॅक्टर वळवायला अडचण म्हणून मोडलेत. एक आमचाही. पण आजीच्या डोक्यावरची पाटी मला या हिशोबात जास्त वजनाची वाटते, आणि वाटत राहणार.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात काकांचा फोन आला. चार इंच खोलीवर जमीन ५० अंश फॅरनहाइट झाली की इथे मका पेरतात. रोजचं तापमान विद्यापीठ जाहीर करतं. काका तो आकडा बघतात, पण विश्वास हातावर ठेवतात. टेकाडावर पोचल्यावर त्यांनी आधी मूठभर माती उचलली, दाबून लाडू केला आणि अंगठ्याने टोचला. लाडू फुटला. त्यांनी मान हलवली. मी बघतच राहिले. बाबा वाफसा असाच बघतात, फक्त अंगठा न लावता लाडू खाली सोडतात.

मग खणलं. टेकाडाच्या मधल्या उतारावर चौदा इंच काळं निघालं, गांडुळांची बिळं, मुळांचे बारीक धागे, आणि सुटी, दाणेदार माती. पण माथ्यावर खणलं तेव्हा फावडं सहाव्या इंचालाच तपकिरी मातीत गेलं. काकांचे आजोबा इथेच खुंट रोवायला खणायचे, तेव्हा हात काळे होऊन यायचे म्हणे. ते कडेला गुडघ्यावर बसले आणि खड्ड्याच्या भिंतीवर बोटाने दोन्ही रंगांच्या मधली रेघ ओढली. मी डब्यातली वाळवलेली माती सोबत नेली होती. ती माथ्यावरच्या खड्ड्यात टाकली. मूठभर होती.

तिथेच त्यांनी विचारलं, तुझे वडील काय करतील? मी म्हटलं, बांध घालतील. ते हसले नाहीत. म्हणाले, एवढ्या मोठ्या यंत्रांना बांध जमत नाही, पण गवताचे पट्टे जमतील. आयोवा स्टेट विद्यापीठाने हा प्रयोग केलेला आहे: शेताचा १० टक्के भाग उताराला आडव्या पट्ट्यांत मूळच्या गवताला परत दिला तर शेतातून वाहून जाणारी माती ९५ टक्क्यांपर्यंत कमी होते. २०१८ च्या शेती कायद्यानंतर त्याला सरकारी अनुदानही मिळतं. काकांना हे माहीत होतं, वर्षानुवर्षं. मी विचारलं नाही की मग आजवर का केलं नाही. आमचा मोडलेला बांध आठवला.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. बियाणं आलंय. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, कोनफ्लॉवर, असं चाळीसेक जातींचं मिश्रण. हे बी नोव्हेंबरात, जमीन गोठायच्या जरा आधी फोकायचं असतं, म्हणजे हिवाळाभर थंडी खाऊन वसंतात उगवतं. माथ्याकडचा एक पट्टा हाताने पेरायचा आहे. येशील का?

बाबांना सांगितलं. म्हणाले, "गवत पेरत्यात व्हय?" आणि थोड्या वेळाने, "बी लई उथळ टाक म्हणावं. गवताचं बी खोल गेलं की येत न्हाई."

हे बरोबर आहे, पाव इंचाहून खोल जायला नको. मी काकांना तसं कळवलं आहे, आणि नोव्हेंबरातला एक शुक्रवार रजेचा टाकला आहे.