तलावाच्या पाळीवरची हजेरी

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कुणी विश्रांतीसाठी जात असेल तर त्यानं बेत बदलावा. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते, आणि मंडई भरली की रात्री नाटक ठरलेलं. दहाला सुरू होणार म्हणून सांगतात, पडदा वर जायला बारा वाजतात आणि उजाडेस्तोवर खेळ चालतो. नाटकाबद्दल माझी तक्रार नाही. वडशाच्या नाटक मंडळ्यांचं वर्ष याच दिवसांवर उभं असतं, आणि लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सतरंजी अंथरून, पोराबाळांना शालीत गुंडाळून येतात, ते बघायलाही मजा येते. तक्रार भोंग्याबद्दल आहे. त्याचं तोंड बरोबर आमच्या खोलीच्या खिडकीकडे होतं, आणि आम्हाला साडेचारला उठून जाळी लावायची होती.

जाळी पक्ष्यांसाठी. पकडायचे, पायात आकडे कोरलेली कडी घालायची, मोजमाप घ्यायचं, सोडून द्यायचे.

मी ठाण्याची. माझं पक्षी बघणं सगळं खाडीवरचं, त्यामुळे कडी घालणं म्हटलं की डोळ्यांसमोर समुद्रच यायचा. ते चुकीचंही नाही. पक्षी समुद्र ओलांडून दमून येतात आणि जी पहिली जमीन दिसेल तिच्यावर उतरतात, म्हणून या कामाची जुनी ठाणी समुद्राकाठीच आहेत. जर्मनीचं हेल्गोलँड बेट, वेल्सजवळचं स्कोकहोम, आपल्याकडे तामिळनाडूतलं कोडिकराई. हे सगळं मी गुरुजींना एकदा ऐकवलं होतं. गुरुजी गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळामास्तर होते, आता निवृत्त आहेत, आणि कडी घालायचं रीतसर शिक्षण घेतलेल्या मोजक्या लोकांपैकी आहेत. ते म्हणाले, "समुद्र तुमच्याकडे एकच आहे. आमच्याकडे तलाव किती आहेत ते येऊन मोजा."

विदर्भ एक्सप्रेसनं गोंदिया, तिथून बल्लारशा पॅसेंजरनं अर्जुनी. मंडईच्या दिवसांत त्या पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळाली तर ती नशिबानं, आणि मिळाल्यावर मांडीवर कुणाचं तरी पोर येतंच.

नवेगावबांध बघितलं. तलाव अफाट आहे, डोंगरांनी वेढलेला, आणि त्याबद्दल आजवर इतकं चांगलं लिहिलं गेलंय की मी भर घालणार नाही. फक्त एवढंच, की मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला फांदीवर बोलावणाऱ्या फोटोवाल्यांचा तिथे एक घोळका होता. तोच आवाज पुन्हा पुन्हा, अर्धा तास. पक्षी बिचारा आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून वेडापिसा. फोटो छान आले असतील.

इटियाडोहच्या धरणावर मात्र मन रमलं. नदी सुरय पाण्यावरून संथ फेऱ्या मारत होते, पिवळीजर्द चोच खाली रोखून. माझ्या खाडीवरल्या कुरवांची ही भावकी, पण हिचं सगळं आयुष्य गोड्या पाण्यावर जातं. जवळच गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 पासूनची. वस्ती बरीचशी सामसूम होती. थंडीच्या तोंडावर घरातली कर्ती माणसं स्वेटर विकायला देशभर पांगतात, ती उन्हाळ्याआधी परततात. म्हणजे तिबेटाकडून पट्टकदंब हंस विदर्भात यायला लागतात, त्या सुमारास ही माणसं विदर्भातून बाहेर पडतात. गुरुजी यावर काही बोलले नाहीत. त्यांना असल्या योगायोगांचं फार कौतुक नाही.

आता जाळीकडे.

गुरुजींचा तलाव नवेगावसारखा नावाजलेला नाही. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या काळातले असे तलाव गावागणिक सापडतात, त्यातले बरेच कोहळी लोकांनी बांधलेले. मातीची पाळ, तुडुमातून, म्हणजे पाळीतल्या दारातून, सुटणारं पाणी, खाली धानाच्या बांध्या. हलकं धान कापून झालं होतं, भारी अजून उभं होतं. पाळीच्या आतल्या अंगाला बेशरम माजलेली. ज्यांनी ही बघितली नाही त्यांच्यासाठी: फिकट जांभळ्या कर्ण्यांसारखी फुलं, पोकळ काड्या, गुरं तोंड लावत नाहीत, तोडून फेकली तर पडेल तिथे रुजते. त्या बेशरमीत माणसाच्या उंचीची वाट कापून गुरुजींनी दोन जाळ्या ताणल्या. धागा इतका बारीक की दोन पावलांवरून दिसेना. दव पडलं की मात्र दिसतो, म्हणून गुरुजी दर थोड्या वेळानं बांबू हलवून जाळी झटकत होते आणि ते सगळं थंडगार पाणी माझ्या मानेवर येत होतं.

पहिल्या फेरीत एक बुलबुल. तो ओरडला, चावला, गुरुजींच्या हातावर शिटला. मग दोन राखी वटवटे, एक खंड्या. पक्षी ज्या बाजूनं जाळीत शिरला त्याच बाजूनं काढायचा, आधी पाय मोकळे करायचे. मग कापडी पिशवीत. पिशव्या बाभळीच्या फांदीला टांगलेल्या. आत काही हललं की फक्त नाडी थरथरायची.

उजाडलं तशी नाटक सुटलेली मंडळी पाळीवरून घरी निघाली. डोळे तांबारलेले, पण थांबली सगळी. एका पोरानं विचारलं, "यानं रोग येते म्हनते न जी? बर्ड फ्लू?" मला वाटलं गुरुजी त्याला उडवून लावतील. उलट ते खूश झाले. आपल्या देशात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं तेच या प्रश्नापायी. 1957 मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलातला ताप सापडला, तो परदेशातून पक्ष्यांनी तर आणला नाही ना अशी शंका आली, आणि 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर सालिम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं हजारो पक्ष्यांना कड्या घातल्या. पोरगा म्हणाला, "मंग आनला का त्यायनं?" गुरुजी म्हणाले, "नाही. पण शोधता शोधता ते कुठून येतात हे कळलं."

त्याच फेरीत तो सापडला. दिसायला काहीच नाही. चिमणीपेक्षा बारीक, वरून मातकट, खालून मळकट पांढरा, डोळ्यावर पुसट भुवई. ब्लिथचा बोरू वटवट्या. हिवाळ्यात अशा झुडपांतून 'चक्, चक्' असा जिभेचा टाळा वाजवल्यासारखा आवाज येतो, तो याचा. पक्षी दिसत नाही, आवाजावरच वहीत नाव लिहावं लागतं. इतकी वर्षं मी तेच करत आले.

गुरुजींनी पिशवीत हात घातला, त्याची मान पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरली, पोट तळहाताशी. कड्यांची डबी उघडायला मला खुणावलं आणि मग थांबले. पाय पालथा केला. पायात कडी होती.

कडी जुनी दिसत होती, चकाकी गेलेली. तिच्यावर बारीक अक्षरांत 'इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी' आणि खाली आकडे. माझे डोळे तरुण म्हणून आकडे मी वाचायचे. वाचले. "पुन्हा," गुरुजी म्हणाले. पुन्हा वाचले. "आता उलटे." उलटे वाचले. मग पंख पट्टीवर ठेवून मोजला, पंखातल्या पिसांची एकमेकांशी लांबी ताडून जात नक्की केली. या कुळातले पक्षी इतके एकसारखे असतात, की एवढं केल्याशिवाय नाव लिहायची सोय नाही. गळ्याखाली फुंकर मारली. पिसं बाजूला झाली आणि कातडीखाली दिसला छातीचा लालसर स्नायू. चरबी नव्हती. ती तिथे पिवळी साठते, पण प्रवासाच्या आधी. हा तर पोचून स्थिरावला होता. वजन 11 ग्रॅम, पिशवीचं वजा जाता. मला त्याचं काळीज बोटांना जाणवत होतं. धडधड म्हणता येणार नाही, नुसती एक सलग थरथर.

मग गुरुजींनी थैलीतून गेल्या वर्षीचं रजिस्टर काढलं. शाळेचंच हजेरीपत्रक, रकाने हातानं पाडलेले. बोट खाली सरकत गेलं, एका ओळीवर थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. हाच तलाव, तुडुमाजवळची पाळ, जाळी क्रमांक 2. आम्ही उभे होतो तीच.

मला हे पुस्तकातून माहीत होतं. हे पक्षी फिनलंडपासून सायबेरियापर्यंत कुठेतरी घरटी करतात आणि हिवाळ्याला भारतात येतात. एकेकट्यानं आपापलं झुडूप धरतात आणि पुढच्या साली पुष्कळदा त्याच जागी परततात. पण माहीत असणं वेगळं. हा जीव मधल्या काळात हजारो किलोमीटर उत्तरेला जाऊन आला होता, आणि नेमका या पाळीवर, या बेशरमीत, या दोन बांबूंच्या मध्ये. मी ठाण्यात माझ्याच सोसायटीची इमारत रात्री चुकते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी झोप झाली नाही यावर ढकललं.

खालच्या बांधीचे मालक, सत्तरीचे आजोबा, एव्हाना येऊन उभे राहिले होते. त्यांची आधी कुरबुर होती, की गुरुजींच्या येण्याजाण्यानं धुरा, म्हणजे शेताचा बांध, तुडवला जातो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे मागच्या साली बी हा इतंच होता?"

"इथंच."

"आन उन्हाळ्यात?"

"तिकडे. वर रशियाकडे, कुठंतरी."

आजोबांनी वाकून पक्ष्याकडे बघितलं. "मंग आमच्या गावचाच झाला न जी तो. आमची पोरं बी तशीच. आठ महिने हैदराबादले, चार महिने घरी."

गुरुजींनी मूठ सैल केली. तो उडाला म्हणण्यापेक्षा नाहीसा झाला. क्षणात बेशरमीतून 'चक्'.

ऊन चढलं तशा जाळ्या गुंडाळल्या. आजोबांकडे काळा चहा आणि, नको नको म्हणताना, भात, लाखोळीचं वरण, जवसाची चटणी. सकाळी साडेआठला. या भागात पाहुण्याला नुसत्या चहावर सोडत नाहीत, आणि दुसऱ्यांदा वाढताना विचारत नाहीत. माझ्या पोटाचं काय झालं ते इथे लिहीत नाही.

जेवताना खरा विषय निघाला. ढिवरांच्या मासेमारी संस्थेचे एक जण तिथे आले होते. त्यांनी सांगितलं, की या उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळापासून उपटायची असं ठरलंय. ती तलाव गिळते, मासळीला लागणाऱ्या पाणवनस्पतींना जागा उरत नाही, जाळं टाकता येत नाही. मी गुरुजींकडे बघितलं. ते म्हणाले, "बरोबरच आहे. मीच दोन वर्षं मागे लागलो होतो. बेशरम इथली नाहीच, बाहेरून आलेली. ती गेली तर कमळ येईल, गवत येईल, बदकं वाढतील."

"आन तो?" आजोबा म्हणाले.

"तो काय, बाभळीत बसेल. करंजात बसेल."

"तुमी सांगितलं का त्याले?"

सगळे हसले, गुरुजी सोडून. त्यांनी चटणी भातात कालवली, बराच वेळ कालवली. मग संस्थेच्या माणसाला म्हणाले, की तुडुमापासून त्या मोहापर्यंतचा पट्टा पहिल्या साली ठेवा, बाकीची काढा. बाजूला करंज लावू, तो वाढला की हाही पट्टा काढा. तो माणूस म्हणाला, "ठेवलेली बेशरम एका पावसात पुन्हा तलावभर होते, गुर्जी. तुमालेच ठाऊक हाय." गुरुजी म्हणाले, हो, ठाऊक आहे. मग अर्धा पट्टा. मग दहा हात. घासाघीस पाच हातांवर आली तेव्हा संस्थेचा माणूस हात धुवायला उठला आणि म्हणाला, मीटिंगमध्ये मांडतो, पण एका पाखरासाठी म्हणून नाही मांडणार, लोक हसतील; तुडुमाजवळची माती धरून ठेवायला म्हणून मांडीन.

गुरुजी म्हणाले, "तसं मांडा."