ड्रमच्या स्टाफचा आवाज आधी बंद करा

संगीत लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रमचा पार्ट लिहून झाला की मी पहिलं काम करते ते मिक्सर उघडून त्या स्टाफचा, म्हणजे नोटा लिहायच्या पाच रेषांच्या पट्टीचा, आवाज बंद करायचं. प्लेबॅक छान वाजत असला की कान खूश होतो आणि डोळा तपासायचं सोडून देतो. ड्रमर मात्र माझा प्लेबॅक ऐकणार नसतो. त्याच्यापुढे कागद असतो.

ड्रमच्या स्टाफवर रेषेचा सुराशी संबंध नसतो, ती नुसती जागा असते. आत मिडीचा क्रमांक बसलेला असतो, कुठला आवाज वाजवायचा ते कॉम्प्युटरला सांगणारा. जनरल मिडी या ठरलेल्या यादीप्रमाणे ३६ म्हणजे किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), ३८ म्हणजे स्नेअर, ४२ बंद हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), ४६ उघडा. तो क्रमांक कुठल्या रेषेवर, कसल्या नोटहेडने (नोटेच्या डोक्याच्या आकाराने) आणि कुठल्या व्हॉइसमध्ये (एकाच स्टाफवर स्वतंत्र चालणाऱ्या नोटांच्या ओळीत) दाखवायचा, हे वेगळ्या तक्त्यात ठरतं. त्यामुळे वाजतंय बरोबर आणि लिहिलंय चूक, हे इथे सर्रास घडतं. ४६ टाकला की स्पीकरमधून उघडा हाय-हॅट ऐकू येतो, पण नोटेच्या डोक्यावर छोटं वर्तुळ दिलेलं नसेल तर वाचणाऱ्याला तो बंदच दिसणार. पॅडवरून रेकॉर्ड केलेल्या पार्टमध्ये तर ३८ आणि ४० असे दोन स्नेअर येऊन बसतात, आणि तक्ता नीट लावलेला नसेल तर एकाच ड्रमच्या नोटा दोन ठिकाणी उगवतात.

आता व्हॉइसबद्दल, कारण खरा घोळ तिथेच आहे. हाताने वाजवायच्या नोटांच्या उभ्या दांड्या वर आणि पायाच्या नोटांच्या खाली, ही पद्धत सगळे शिकतात आणि मग श्रद्धेने पाळतात. सॉफ्टवेअरही इमानेइतबारे दुसऱ्या व्हॉइसमधली प्रत्येक रिकामी जागा रेस्टने, म्हणजे विरामाच्या चिन्हाने, भरतं. साधा रॉक बीट, किक पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, आणि मधे रेस्टांचं तण माजलेलं. (म्यूझस्कोअर या सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्या व्हॉइसमधले रेस्ट सरळ डिलीट होतात, पहिल्यातले नुसते लपवता येतात. हे कित्येकांना माहीतच नसतं.) माझं मत असं की किक हाय-हॅटच्या बरोबरच पडत असेल तर सगळं एकाच व्हॉइसमध्ये, दांड्या वर करून लिहावं. तो एक आकार म्हणून वाचता येतो. पाय हातांपासून वेगळा चालायला लागला, म्हणजे साम्बा किंवा डबल किक आली, की दोन व्हॉइस हवेतच. मात्र हा निर्णय गाण्याच्या मधे बदलायचा नाही. वाचणारा बिथरतो.

नोटेच्या लांबीचंही तसंच. स्नेअरचा ठोका लांबत नाही. तरीही आठव्या भागाची नोट, मग आठव्या भागाचा रेस्ट, असं लिहिणारे भेटतात, कारण मूळ मिडीत ती नोट तेवढीच लांब होती. सरळ एका ठोक्याची नोट लिहा. झांजेचं मात्र उलट आहे, तिथे लांबीला अर्थ असतो. ती घुमत ठेवायची की हाताने दाबायची, हे लिहावंच लागतं.

रोलमध्ये, म्हणजे सलग भराभर पडणाऱ्या ठोक्यांत, एक बारीक गोष्ट निसटते ती टायची, दोन नोटा जोडणाऱ्या वक्र रेघेची. दांडीवर तीन तिरप्या रेघा दिल्या की रोल झाला, इतपत सगळ्यांना येतं. पण तो रोल पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर संपायचा असेल तर तिथवर टाय काढावा लागतो. नाहीतर वादक तो ठोका नव्याने मारू की नको या विचारात पडतो. प्लेबॅकमध्ये हा फरक ऐकूही येत नाही, म्हणून तो राहून जातो.

एकाच्या हाती तीन-चार वाद्यं असलेला पार्ट असेल तर मी तो उभी राहून, हवेत हात हलवून तपासते. ट्रँगल खाली ठेवायचा, मऊ मॅलेट उचलायचे, झांजेपाशी जायचं, आणि मधे एकच ठोक्याचा रेस्ट. स्क्रीनवर हे सुरळीत वाजतं. पुढचं वाद्य कुठलं, हे नव्या नोटेच्या डोक्यावर लिहून उपयोग नाही. मागच्या रेस्टवरच ते आलं पाहिजे.

एका सॉफ्टवेअरमधली फाइल दुसऱ्यात नेताना म्युझिकएक्सएमएल हा देवाणघेवाणीचा फाइल प्रकार लागतोच. फिनाले या सॉफ्टवेअरचा विकास २०२४ मध्ये थांबल्यापासून माझ्याकडे अशा फाइली सतत येतात. म्युझिकएक्सएमएलमध्ये तालवाद्याची नोट 'अनपिच्ड' (सूर नसलेली) म्हणून जाते, तिच्याबरोबर स्टाफवर दिसण्याची जागा. कुठला आवाज वाजवायचा ते वेगळं नोंदलेलं असतं, आणि ते नेहमी नीट पोचतंच असं नाही. मग काऊबेलच्या (धातूच्या घंटेच्या) जागी टॉम ड्रम वाजतो आणि लोक नोटा हलवायला लागतात. नोटांना हात लावू नका. आधी तक्ता उघडा, त्या रेषेला कुठला क्रमांक जोडलाय ते बघा. बहुतेक वेळा दुरुस्ती तिथेच, एका ओळीत होते.